केळीचा मळा, रानडुकरे आणि रायफलची निवड

प्रश्न : आमचे गाव रावेर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. एकूण चौदा एकर जमीन असून त्यातील नऊ एकरांत केळी आणि उरलेल्या क्षेत्रात मका व हरभरा असतो. वरचा तुकडा नाल्याला आणि टेकडीला लागून आहे, केळीचा मोठा मळा मात्र खाली सपाट काळ्या जमिनीत आहे. रानडुकरे मका आडवा करतात, केळीचे नवे कंद उकरतात, ठिबकच्या नळ्या तोडतात. हरभऱ्यात रोह्यांचे (नीलगायींचे) कळप येतात. गेल्या हिवाळ्यात नाल्यात बिबट्याही दिसला. आम्ही मळ्यातच राहतो आणि परिसरात मोटारींच्या केबलच्या चोऱ्या वाढल्या आहेत, त्यामुळे घरच्यांना रात्री भीती वाटते. वडिलांकडे १९९१ पासून परवान्याची बारा बोअरची दुनळी बंदूक आहे. त्यांचे वय आता ७३ आहे. ती विकून मी ३१५ बोअरची रायफल घ्यावी असे काही मित्र सांगतात. कोणी २२ बोअर सुचवतो, तर कोणी थर्टी-ओ-सिक्स. आमच्या भागाला, इथल्या जनावरांना आणि घराच्या संरक्षणाला कोणती रायफल योग्य ठरेल?
– एक शेतकरी, रावेर तालुका

उत्तर : सप्रेम नमस्कार. तुमच्या पत्रातील सर्वांत मोलाची माहिती तुम्ही ओघात लिहून गेला आहात. वरचा तुकडा टेकडीला लागून आहे आणि मोठा मळा सपाट जमिनीत आहे, हे तुम्ही सांगितले नसते तर मला उत्तर देता आले नसते. कोणते हत्यार घ्यावे हे जनावरापेक्षाही, नेम चुकल्यावर गोळी कुठे जाऊन थांबणार यावर ठरते. या कसोटीवर माझे मत असे आहे की वडिलांची दुनळी विकू नका, ती रीतसर स्वतःच्या नावावर करून घ्या. रायफलचा विचार करायचाच असेल तर तो फक्त वरच्या तुकड्यापुरता आणि तोही नंतर करा. असे का म्हणतो, ते सविस्तर सांगतो.

बोअर म्हणजे नळीच्या आतल्या रुंदीचे माप. ३१५ बोअरच्या रायफलची गोळी सुमारे १६ ग्रॅम वजनाची असते आणि नळीतून सेकंदाला साडेसहाशे मीटरच्या आसपास वेगाने बाहेर पडते. तुम्ही बांधावर उभे राहून साठ मीटरवरच्या डुकरावर बार काढलात, असे समजा. बंदूक तुमच्या खांद्याशी, म्हणजे जमिनीपासून सुमारे दीड मीटर उंचीवर आहे. गोळी डुकराच्या पाठीवरून जेमतेम निसटली, तर ती आणखी शंभर-सव्वाशे मीटर पुढे जाऊन अगदी निसटत्या कोनात जमिनीला लागेल. इतक्या उथळ कोनात लागलेली गोळी बहुतेक वेळा जमिनीत रुतत नाही, ती उसळते आणि कोणत्याही दिशेला जाते. थोडा जरी वर नेम गेला तर ती जमिनीला न लागताच कित्येक शेते ओलांडते. केळीचे खोड पाणीदार आणि पोकळ पदरांचे असल्याने त्याचा गोळीला आडोसा होत नाही. आता आपल्या भागातल्या रात्री डोळ्यांपुढे आणा. वीज रात्रपाळीला असली की शेजारच्या मळ्यात कोणीतरी पाणी भरत असते, सालदार कुटुंबासह शेतातच राहतो, केळीची कापणी असेल तर मजूर पहाटेच मळ्यात शिरतात आणि ऊसतोड किंवा कापूस वेचणीच्या दिवसांत बांधाच्या कडेला कोणाचे पाल पडलेले असेल हे आपल्याला ठाऊकही नसते. उंच केळीत तर दहा मीटरवरचा माणूस दिसत नाही. अशा जागी रायफल चालवणे मला कोणत्याही परिस्थितीत मान्य नाही, मग नेमबाज कितीही तयारीचा असो.

बारा बोअरच्या छर्र्यांचे तसे नाही. छर्रे गोल आणि हलके असल्याने त्यांचा वेग झपाट्याने कमी होतो. डुकरासाठी वापरायचे एलजी किंवा एसजीसारखे मोठे छर्रेही काहीशे मीटरच्या पलीकडे जात नाहीत, आणि खात्रीने काम करण्याचा त्यांचा पल्ला पस्तीस-चाळीस मीटरचाच असतो. हा आखूड पल्ला सपाट शिवारात मोठा गुण आहे, कारण डुक्कर मक्यात किंवा केळीत येते तेव्हा ते दिसतेच मुळी तेवढ्या अंतरावर. बारा बोअरमधून एकच भरीव गोळीही झाडता येते; तिचा परिणाम जबर असतो, परंतु तिचा पल्लाही जास्त असतो, म्हणून ती खालच्या मळ्यात वापरू नये.

वरच्या तुकड्याची गोष्ट वेगळी आहे. तिथे टेकडीचा उतार मागे आहे आणि उताराच्या दिशेने नेम धरला तर चुकलेली गोळी मातीत जाऊन बसते. तिथेही उभ्याने किंवा बांधाआडून नेम धरण्यापेक्षा मचाण बांधणे कितीतरी सुरक्षित असते. नळी जमिनीपासून साडेचार मीटरवर असेल आणि जनावर चाळीस मीटरवर असेल, तर पाठीवरून गेलेली गोळी पन्नास-पंचावन्न मीटरच्या आत जमिनीत शिरते. बांधावरून झाडलेली तीच गोळी याच्या दुपटीहून अधिक अंतरावर जमीन गाठते. टेकडीचा माथा, नाल्याचा दगडी काठ आणि पाण्याचा पृष्ठभाग या तिन्हींच्या दिशेने कधीही बार काढू नये. माथ्यापलीकडे गुराखी किंवा पावरा वस्तीतली माणसे असू शकतात, आणि दगडावरून व पाण्यावरून गोळी उसळतेच.

आता तुम्ही नावे घेतलेल्या रायफलींकडे वळतो. २२ बोअर डुकरासाठी मनातून काढून टाका. तिची गोळी जेमतेम अडीच ग्रॅमची असते. नेमबाजीच्या सरावाला ती उत्तम आहे, पण डुकराच्या खांद्याची जाड कातडी आणि हाड यांपुढे ती अपुरी पडते. जनावर जखमी होऊन केळीत शिरते आणि सकाळी ते सापडते ते घड कापायला गेलेल्या मजुराला. जखमी नर डुक्कर सुळ्यांनी मांडी फाडू शकतो, त्यामुळे अर्धवट लागलेला बार हा न लागलेल्या बारापेक्षा वाईट असतो. शिवाय २२ ची गोळी लहान आहे म्हणून ती निरुपद्रवी आहे, असा समज करून घेऊ नका. योग्य कोनात झाडली तर ती दोन किलोमीटरपर्यंत जाते.

थर्टी-ओ-सिक्स ही ताकदवान आणि सरळ मार्गाने दूरवर जाणारी रायफल आहे. दोनशे-अडीचशे मीटरवरच्या नेमासाठी ती बनलेली आहे, आणि तुमच्या नाल्यात शंभर मीटरचीही मोकळी नजर क्वचितच मिळत असेल. तिची काडतुसे महाग पडतात आणि प्रत्येक दुकानात मिळतीलच असे नाही. माणूस सराव करतो तो काडतुसांच्या भावाने, म्हणून हा मुद्दा किरकोळ समजू नये.

राहिली ३१५. इंग्रजांच्या काळात सैन्याच्या बोअरची हत्यारे सामान्य नागरिकांना ठेवता येत नसत, त्यामुळे आपल्याकडे हा बोअर रुजला आणि इशापूरच्या कारखान्यातील ३१५ ही पुढे देशभरातल्या परवानाधारकांची ओळखीची रायफल झाली. बांधा मजबूत, बोल्ट हाताने ओढून चालवायचा, मॅगझिनमध्ये पाच काडतुसे. जड गोळी शंभर मीटरच्या आत डुकराला जागीच पाडते. सातपुड्याच्या उतारावरील शेतासाठी रायफल निवडायची झाल्यास मी हीच निवडेन. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा : ३०३, ७.६२ यांसारखे बोअर प्रतिबंधित वर्गात मोडतात. आपल्या वरणगावच्या आयुध कारखान्यात काडतुसे बनतात, ती सैन्यासाठी असतात, आणि तशी काडतुसे कोणी 'ओळखीतून' देऊ केली तर ती हातातही घेऊ नका.

हत्यार ठरले तरी ते जनावरावर चालवण्याचा अधिकार त्यासोबत येत नाही, याबद्दल आपल्याकडे फार गैरसमज आहेत. खानदेशच्या जुन्या शिकारीच्या गोष्टी आपण सर्वांनी ऐकल्या आहेत. धरणगावला भिल्ल पलटण उभारणाऱ्या आउट्रम या इंग्रज अधिकाऱ्याच्या वाघांच्या शिकारीच्या कथा तर अजून सांगितल्या जातात. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते पर्व संपले आहे. रानडुक्कर आणि रोही हे दोन्ही प्राणी आज या कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या यादीत आहेत. कलम ११ नुसार मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी उभ्या पिकाचे नुकसान करणाऱ्या अशा जनावराला मारण्याची लेखी परवानगी देऊ शकतो. त्यासाठी तुमच्या वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो. पिकाच्या नुकसानीचा पंचनामा, सातबारा आणि फोटो जवळ ठेवा; याच कागदांवर नुकसानभरपाईचा अर्जही होतो, तो तर कधीच सोडू नका. परवानगीत जी मुदत, जे क्षेत्र आणि जे जनावर लिहिले असेल त्याच्या बाहेर एकही बार काढता येत नाही. मारलेले जनावर वनविभागाच्या ताब्यात द्यावे लागते आणि त्याचे मांस घरी नेणे हा स्वतंत्र गुन्हा ठरतो.

रोह्यांसाठी बंदुकीचा विचारच करू नये असे मला वाटते. पूर्ण वाढलेला नर दोनशे किलोंच्या पुढे जातो, छर्र्यांनी तो मरत नाही, जखमी होऊन मैलभर पळतो आणि कुठेतरी तडफडत राहतो. हरभऱ्याच्या तुकड्याला सौरऊर्जेवरचे झटका कुंपण घाला; जंगलालगतच्या गावांसाठी शासनाच्या जन-वन विकास योजनेतून त्याला अनुदान मिळते, त्याची चौकशी वनविभागात करा. झटका यंत्राचा प्रवाह क्षणभराचा असतो आणि त्याने जीव जात नाही. खांबावरून थेट आकडा टाकून तारेत वीज सोडण्याचा प्रकार मात्र आपल्या भागात माणसांचे जीव घेत आला आहे, आणि त्या तारेला चिकटणारा माणूस पुष्कळदा घरचाच असतो. हे मी कळकळीने लिहितो आहे.

बिबट्या पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या अनुसूचीत आहे. त्याला मारण्याचा आदेश केवळ मुख्य वन्यजीव रक्षकच देऊ शकतात आणि ते काम वनविभाग करतो. २०१७ मध्ये चाळीसगाव तालुक्यात माणसे मारणाऱ्या बिबट्याच्या बाबतीत असेच करावे लागले होते. अंगावर आलेल्या बिबट्याला स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवण्यासाठी सद्हेतूने मारले तर कायदा त्याला गुन्हा मानत नाही. परंतु केवळ नाल्यात दिसला म्हणून बार काढणे हा गंभीर गुन्हा आहे, आणि जखमी बिबट्यासारखे धोकादायक दुसरे काही नाही. वासरे आणि शेळ्या रात्री बंद गोठ्यात बांधा, गोठ्यावर दिवा लावा, लहान मुलांना अंधार पडल्यावर एकटे बाहेर पाठवू नका, कुत्रे मोकळे झोपू देऊ नका. माग दिसल्यास वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

घराच्या संरक्षणाचा मुद्दा तुम्ही शेवटी लिहिला आहे, पण घरच्यांच्या दृष्टीने तो पहिला असणार, हे मी समजू शकतो. मळ्यातील घराला रायफल हे अयोग्य हत्यार आहे. तिची गोळी पत्रा आणि पातळ विटेची भिंत भेदून पलीकडच्या खोलीत जाते, आणि पलीकडे आपलीच माणसे झोपलेली असतात. दुनळी आखूड पल्ल्याची, साधी आणि घाबरलेल्या हातांनाही कळणारी असते. कायद्याचेही ऐका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत स्वसंरक्षणाचा अधिकार कलम ३४ ते ४४ मध्ये दिला आहे. जिवावर बेतलेला हल्ला, जबरी चोरी किंवा सूर्यास्त ते सूर्योदय या वेळातील घरफोडी अशा प्रसंगी तो अधिकार जीव घेण्यापर्यंत जाऊ शकतो, पण बचावाला आवश्यक असेल त्यापेक्षा अधिक इजा करण्याची मुभा तो देत नाही. विहिरीवरची केबल कापून पळणाऱ्या माणसाच्या पाठीवर झाडलेला बार कोणत्याही न्यायालयात बचाव ठरणार नाही. केबलसाठी जमिनीखालून पाइप टाका, मोटारीवर सायरन आणि दिवा बसवा, शेजारच्या मळेकऱ्यांचा फोनवर एक गट करा आणि प्रसंगी ११२ ला फोन लावा. बंदूक घरात असते ती या सगळ्यानंतरही दार फोडले गेले तर.

म्हणून वडिलांच्या दुनळीकडे परत येतो. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम १३ मध्ये पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक आणि ती अपुरी पडत असल्यास अन्य गुळगुळीत नळीची बंदूक (तुमची दुनळी यातच मोडते), असाच क्रम सांगितला आहे. वीस इंचांहून आखूड नसलेल्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीला संरक्षणासाठी परवाना देण्याबाबत कायद्याचा कल अनुकूल आहे. रायफलसाठी मात्र तुम्हाला सबळ कारण दाखवावे लागते आणि ते पटणे न पटणे अधिकाऱ्यावर अवलंबून राहते. जी बंदूक घरात आहे, ती सोडून तुम्ही अधिक अवघड वाट धरता आहात.

२०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवानाधारकाने वयाची ७० वर्षे पूर्ण केली असतील किंवा बंदूक २५ वर्षे बाळगली असेल, तर त्याच्या हयातीतच ती कायदेशीर वारसाच्या नावावर होऊ शकते. तुमचे वडील दोन्ही अटींत बसतात. तुम्हाला मात्र वारस म्हणूनही स्वतःची पात्रता सिद्ध करावी लागेल : पोलिसांचा चारित्र्य अहवाल, प्रकृतीचा दाखला, शस्त्र हाताळण्याच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र आणि सुरक्षित ठेवण्याची हमी. अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत जातो. शेत यावल अभयारण्याच्या हद्दीपासून १० किलोमीटरच्या आत येत असेल, तर वन्यजीव कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे वनविभागाकडे नावाची नोंदणी करावी लागते, आणि नवा परवाना मुख्य वन्यजीव रक्षकांच्या पूर्वसंमतीशिवाय मिळत नाही. तुमचे गाव पायथ्याचे असल्यामुळे हे अंतर वनविभागाकडून लेखी तपासून घ्या. पुष्कळांचे अर्ज या एका कागदासाठी अडकून पडतात.

परवाना तुमच्या नावावर होईपर्यंत किंवा वडिलांच्या परवान्यावर तुमचे नाव रीतसर नोंदले जाईपर्यंत ती बंदूक घेऊन राखणीला जाऊ नका. दुरुस्तीसाठी किंवा नूतनीकरणासाठी वडिलांच्या लेखी अधिकारपत्रासह ती नेण्याची सवलत कायद्यात आहे, राखणीसाठी नाही. याच काळात कोणी सातपुड्यापलीकडून गावठी कट्टा आणून देण्याची गोष्ट काढली, तर त्या माणसाशी बोलणेच बंद करा. विनापरवाना हत्याराला २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन वर्षांची कैद आहे, आणि असे हत्यार पहिला घात चालवणाऱ्याच्याच हाताचा करते.

बंदूक नावावर झाली की ती परवानाधारक बंदूक दुरुस्ती करणाऱ्याकडून तपासून घ्या. इतक्या वर्षांच्या दुनळीत नळ्यांना आतून गंजाचे खड्डे पडलेले असतात, बिजागरीत ढिलाई आलेली असते, कधी सेफ्टी, म्हणजे नकळत बार उडू न देणारा खटका झिजलेला असतो. काडतुसाची लांबी आणि ते बसते त्या नळीतील खोबणीची लांबी जुळते का हे त्याच्यासमोरच पाहून घ्या; आखूड खोबणीत लांब काडतूस झाडल्यास दाब धोकादायक वाढतो. त्यानंतर एखाद्या नेमबाजी केंद्रावर कागदी लक्ष्यावर तीस आणि चाळीस मीटरवरून छर्रे कसे पसरतात ते पाहा. प्रत्येक नळीचे पसरणे वेगळे असते, आणि ज्या अंतरावर निम्मे छर्रे डुकराच्या छातीएवढ्या जागेबाहेर जाऊ लागतात, ते अंतर तुमची मर्यादा समजा. घरात बंदूक रिकामी, भिंतीला पक्क्या बसवलेल्या लोखंडी कपाटात ठेवा, काडतुसे वेगळ्या कुलपात ठेवा, आणि किल्ली मुलांना ठाऊक नसावी. लग्नाच्या वरातीत हवेत बार काढण्याची हौस आपल्याकडे अजून गेलेली नाही; त्यालाही आता दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहेत, आणि परवाना जातो तो वेगळाच.

हे सारे झाल्यावर एक पूर्ण हंगाम दुनळीवर काढा. वरच्या तुकड्यात डुकरे तिच्या पल्ल्याबाहेरच थांबतात आणि वनविभागाची परवानगी हाती असूनही बार काढता येत नाही, असे वारंवार घडले तर ३१५ साठी अर्ज करा. आजच्या कायद्याने एका व्यक्तीला दोन हत्यारे ठेवता येतात, त्यामुळे दुनळी सोडावी लागणार नाही. त्या अर्जासोबत वनविभागाने दिलेल्या परवानग्यांच्या प्रती, पंचनामे आणि टेकडीचा उतार दाखवणारा शेताचा नकाशा जोडा. रायफल खालच्या मळ्यात नव्हे, तर वरच्या तुकड्यात मचाणावरून चालवायची आहे, हे अर्जातच स्पष्ट लिहा.